पहिला क्लायंट गुरुवारी येतोय आणि पोटात गोळा आलाय

कोरी_वही
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी समुपदेशक. म्हणजे कागदावर तरी. शिक्षण झालं, इंटर्नशिप झाली, प्रमाणपत्र आलं. इंटर्नशिपमध्ये साठेक सत्रं घेतली, पण तेव्हा पलीकडच्या खोलीत मॅडम असायच्या. लोक संस्थेकडे यायचे, माझ्याकडे नाही. मी नसते तर दुसरं कुणी बसलं असतं त्या खुर्चीत.

गुरुवारी येणारी व्यक्ती मात्र माझं नाव विचारून येतेय. फोन आला तेव्हा मी इतक्या शांतपणे वेळ दिली की माझं मलाच कौतुक वाटलं. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा : यांना कुणीतरी सांगा रे, जरा बऱ्या माणसाकडे जा म्हणून.

तेव्हापासून चौदा पानं तयारी लिहून झाली आहे. ते असं म्हणाले तर मी तसं म्हणेन, वगैरे. रात्री स्वप्नात कुणीतरी विचारतं, 'तुमचा अनुभव किती?' आणि मी दचकून उठते. फी कुठल्या तोंडाने सांगायची हा आणखी वेगळा विषय.

प्रश्न फक्त समुपदेशकांना नाही. वकील, आर्किटेक्ट, अनुवादक, फिजिओ, जे जे कुणी स्वतःच्या नावावर काम घेतात त्या सगळ्यांना आहे. पहिल्या काही क्लायंटच्या वेळी 'आपल्याला काही येत नाही' असं वाटतं ते तुम्ही कसं ओलांडलंत?

बावळट_बोका
पहिला प्रतिसाद माझा! वेबसाइटी बनवतो. मी अजून ओलांडतोय. अकरा वर्षं झाली.

ओळंबा
बोक्याकडे लक्ष देऊ नका.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. स्वतःच्या सहीने पहिलं ड्रॉइंग बाहेर पडायचं होतं त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. छोटी दुमजली इमारत, अवघड काहीच नव्हतं. नोकरीत असताना याच्या दसपट मोठी कामं केली होती. पण तिथे खाली सही साहेबांची असायची. त्या रात्री झोप येईना. मध्यरात्री उठून सगळी गणितं पुन्हा मांडली आणि लक्षात आलं, गच्चीवरची पाण्याची टाकी धरलेलीच नाही. दहा हजार लिटरची टाकी. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, म्हणजे दहा टन वजन मी चक्क हवेत लटकत ठेवलं होतं.

त्या रात्री मला गाढ झोप लागली असती तर? म्हणून मला 'शंका घालवा' हा सल्लाच पटत नाही. आमचा अख्खा धंदा शंकेवर उभा आहे. भार येईल त्याहून जास्त धरायचा, काँक्रीटची ताकद असेल त्याहून कमी धरायची, मग आकडे मांडायचे. याला आम्ही सुरक्षा गुणक म्हणतो. म्हणजे काय, तर सगळ्यांनी मिळून आधीच कबूल केलेली शंका.

ताळेबंद
ओळंबासाहेब, तुमचं काँक्रीट तुमच्या तोंडाकडे बघत बसत नाही. आमचा क्लायंट बघतो.

करसल्लागार आहे, सतरा वर्षं. माझा अनुभव बरोबर उलटा. समोरचा आधीच घाबरलेला असतो, नोटीस हातात घेऊन आलेला असतो. त्याला तुमच्या चेहऱ्यावर शंका दिसली की संपलं. आधी आव आणायचा, आत्मविश्वास मागून येतो. 'माहीत नाही' हे दोन शब्द मी पहिली तीन वर्षं उच्चारले नाहीत. कोरी_वही, ती चौदा पानं फाडून टाका आणि ताठ बसा.

सांधा
ताळेबंद, तुमच्याकडे असेल तसं. आमच्याकडे आव आणला की तो रुग्णाच्या अंगावर निघतो.

फिजिओथेरपिस्ट आहे. स्वतःची खोली थाटल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एक काका आले. खांदा दुखतो, हात वर जात नाही. वयाने मोठे, आवाज खणखणीत, आल्या आल्या विचारलं, 'किती वर्षं झाली पास होऊन?' झालं. माझी जी काही तंतरली, की पाच मिनिटांत 'फ्रोझन शोल्डर आहे' असं ठामपणे सांगून मोकळी झाले. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही. मला हुशार दिसायचं होतं म्हणून.

फ्रोझन शोल्डरमध्ये रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही आणि आपण धरून उचलला तरी तो अडतो, हात बाहेरच्या बाजूला वळवताना तर विशेष. हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं. मी धरून उचलून पाहिलाच नाही. तीन आठवडे खांद्यावर काम केलं, उतार शून्य. शेवटी मान तपासली. दुखणं मानेतून खाली उतरत होतं. तीन आठवडे फुकट गेले त्यांचे. काका बिचारे काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझं पहिल्या भेटीतलं ठरलेलं वाक्य आहे : 'मला आज दोन-तीन शक्यता दिसतायत, तपासून एकेक बाजूला काढू या.' इतक्या वर्षांत यावर कुणी नाराज झालेलं आठवत नाही.

पर्यायी_शब्द
फीचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका. अनुवादक. पहिलं मोठं काम फोनवर ठरत होतं. मी पानाचा दर सांगितला. पलीकडे दोन सेकंद शांतता. मी घाईघाईने म्हटलं, 'पण कमी करता येईल.' पुन्हा शांतता. 'निम्म्यात सुद्धा जमेल मला.' तेवढ्यात पलीकडून आवाज आला, 'हॅलो? मध्ये आवाज गेला होता, पहिला आकडा काय म्हणालात?'

बावळट_बोका
😂😂 मग कुठला सांगितलात??

पर्यायी_शब्द
निम्मा. विचारूच नका.

तेव्हापासून नियम : आकडा सांगायचा आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. तोंड बंद. पाच मोजेपर्यंत घासाघीस करायची असेल तर ती समोरच्याने करावी, ते त्याचं काम आहे. आपणच दोन्ही बाजूंनी कशाला लढायचं?

शून्य_नंबर
आर्किटेक्ट. दिसायला लहान असणाऱ्यांच्या वतीने बोलतो. पहिली दोन वर्षं शून्य नंबरचा चष्मा लावून मीटिंगला जायचो. कुणी विचारलं तर 'वाचायला लागतो' म्हणायचो. एकदा साइटवर काढून खिशात ठेवला आणि नकाशा लांबूनच धडाधड वाचून दाखवला. क्लायंट म्हणाला, 'चष्मा राहू दे, काम चांगलं करता तुम्ही.' त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सांधा
मी केस पांढरे व्हायची वाट बघत होते. आता झालेत तर रंगवतेय. माणसाचं काही खरं नाही.

वकीलपत्र
दाढीने काम होतं का? विचारतोय मित्रासाठी.

शून्य_नंबर
होतं, फक्त ती यावी लागते.

वकीलपत्र
असो, धाग्यावर येतो. पहिल्यांदा स्वतः उभा राहिलो तेव्हा हातातले कागद वाऱ्यावर धरल्यासारखे फडफडत होते. बाहेर आल्यावर सीनियरना म्हटलं, आवाज फार थरथरला हो माझा. ते म्हणाले, 'आवाज थरथरला तर चालतं, पान नंबर चुकला तर चालत नाही.' दुसऱ्या दिवशीपासून आवाजाचा विचार सोडला आणि पानांना चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. थरथर कधी थांबली ते लक्षातही आलं नाही.

तिसरी_खुर्ची
कोरी_वही, तुझ्याच क्षेत्रातली आहे. बावीस वर्षं काम करते आणि सध्या नव्या समुपदेशकांचं सुपरव्हिजन, म्हणजे त्यांचं काम त्यांच्यासोबत बसून तपासणं, जास्त करते, म्हणून एकेरीत लिहिते. चालेल ना?

दोन शब्द फार सैल वापरले जातात, त्यातला एक इथे कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगते. 'इम्पोस्टर सिंड्रोम.' पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी सिंड्रोम म्हटलंच नव्हतं, फेनॉमेनन, म्हणजे नुसता एक अनुभव, म्हटलं होतं. तो आजार नाही. त्यांच्यासमोर होत्या दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रिया. पदव्या, पदं, मानमरातब सगळं मिळवलेल्या, आणि तरीही 'हे नशिबाने झालं, आपण एक दिवस उघड्या पडू' असं मानणाऱ्या. म्हणजे पुरावा ढीगभर आहे आणि विश्वास नाही.

तुझं तसं नाही. तुझ्याकडे पुरावा अजून जमलेलाच नाही. तू नवी आहेस, आणि तुला नवं असल्यासारखं वाटतंय. याला निदान लागत नाही.

आता शंकेबद्दल. ओळंबा म्हणतात त्याला आमच्याकडे चक्क अभ्यासाचा आधार आहे. नॉर्वेतल्या हेलेने निसेन-ली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की ज्या थेरपिस्टनी आपल्या कामाबद्दल जास्त शंका नोंदवल्या, त्यांच्याशी नातं चांगलं जुळल्याचं त्यांच्या रुग्णांनी सांगितलं. २०१७ मध्ये त्याच गटाने पुढची गोष्ट मांडली : कामाबद्दल शंका घेणारे पण माणूस म्हणून स्वतःशी मायेने वागणारे, अशांच्या क्लायंटमध्ये बदल जास्त दिसला. नुसती शंका नाही, ही जोडी. 'मी आज तो प्रश्न बरोबर विचारला का?' ही एक शंका. 'मी इथे बसायच्या लायकीची आहे का?' ही दुसरी. पहिलीने काम सुधारतं. दुसरीने फक्त झोप जाते.

तुझ्या पोस्टमध्ये मला दुसरीच जास्त दिसली. चौदा पानं त्यातूनच आली आहेत.

बावळट_बोका
म्हणजे मी इम्पोस्टर नाही, खरोखरच कच्चा आहे. धन्यवाद ताई, अकरा वर्षांनी उलगडा झाला.

वाकडा_प्रश्न
सगळे पाठ थोपटतायत तर मी थोडा विरजणाचा थेंब टाकतो.

कुणीच विचारलं नाही की शंका खरी असली तर? डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा निबंध सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्यात चाचणीत सगळ्यात खाली असलेले, म्हणजे सरासरीने १२ व्या पर्सेंटाइलला असलेले लोक स्वतःला ६२ व्या पर्सेंटाइलच्या आसपास समजत होते. (तो नेटवर फिरणारा डोंगर-दरीचा आलेख मात्र मूळ निबंधात नाही, कुणीतरी मागाहून काढलेला आहे.) प्रत्येक नवख्याला 'तुला येतं गं, फक्त विश्वास ठेव' म्हटलं की खरोखर न येणाराही निर्धास्त होतो. समोर माणूस आहे. काही प्रसंगांत 'मला हे झेपणार नाही' हेच बरोबर उत्तर असतं.

कोरी_वही, आत्मविश्वास बाजूला ठेवा. तुम्ही कुठलं काम घेणार नाही, याची यादी आहे का?

सांधा
विरजण म्हणालात, पण प्रश्न सरळ आहे.

तिसरी_खुर्ची
वाकडा_प्रश्न, अगदी मान्य. सुपरव्हिजनला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच यादी करायला लावते. नव्या माणसाने गंभीर व्यसन, भास-भ्रम, खाण्याचे तीव्र विकार असं काही एकट्याने अंगावर घेऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांशी ओळख आधीच करून ठेवायची, गरज पडल्यावर नंबर शोधत बसायचं नाही. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही नवख्यांची सगळ्यात मोठी भीती, आणि ती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं याने पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं.

अशी यादी केली की भीती कमी होते असं मी म्हणत नाही. पण सगळ्या दिशांनी येणारी भीती चार-पाच ठरावीक दारांतून यायला लागते.

आणखी एक. मानसशास्त्रज्ञ बँडुरा यांनी १९७७ मध्ये 'आपल्याला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो त्याचे चार मार्ग सांगितले : स्वतः करून जमलं, आपल्यासारख्याला जमलेलं पाहिलं, कुणी सांगितलं, आणि शरीराची त्या वेळची अवस्था. सगळ्यात जोरकस पहिला. इथे शंभर जणांनी 'तू करशील' म्हटलं तरी ते तिसऱ्या मार्गातलं आहे, फार टिकत नाही. दुसरं सत्र पहिल्या सत्रातूनच सोपं होणार, या धाग्यातून नाही.

ताळेबंद
बरं, मी जरा माघार घेतो, पण पूर्ण नाही.

सांधा यांचा किस्सा वाचून आठवलं. मी 'माहीत नाही' म्हणायचो नाही याचा अर्थ मी ठोकून द्यायचो असा नाही. मी म्हणायचो, 'हे कलम पाहून उद्या चारपर्यंत कळवतो.' आणि पावणेचारला कळवायचो. लोक ज्याला आत्मविश्वास म्हणत होते तो बहुधा हा पाव तास होता. चेहऱ्याचं मी उगाच जास्त मनावर घेतलं असणार.

सांधा
आता जमलं. हे 'आव' नाही हो, शब्द पाळणं आहे. आधी असं लिहिलं असतंत तर मी एवढं काकांचं पुराण लावलं नसतं.

ताळेबंद
पुराण चांगलं होतं. पाने फाडायचा सल्ला मात्र कायम आहे.

फक्त_वाचक
मी व्यावसायिक वगैरे नाही. तीन वर्षं इथे वाचतोय, नाव त्यावरूनच. पण या धाग्यावर समोरच्या खुर्चीतलं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा समुपदेशनाला गेलो. वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी पोचलो आणि जिन्यात उभा राहून काय बोलायचं ते पाठ करत होतो. आपली अडचण या लोकांना फालतू वाटेल, 'एवढ्यासाठी आलात?' असं काहीतरी म्हणतील, असं वाटत होतं. दोनदा खाली उतरून पुन्हा वर आलो.

आत गेल्यावर त्या बाईंच्या हाताला कंप होता का, भिंतीवर प्रमाणपत्रं होती का, वय काय असेल, मला शपथेवर काही सांगता येणार नाही. माझं सगळं लक्ष माझ्यावर होतं. एक आठवतं. मी भावाबद्दल बोलताना भराभर पुढे निघून गेलो तेव्हा त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, 'हे मला नीट कळलं नाही. परत सांगाल?' मला वाटलं, अरे, यांना खरंच कळून घ्यायचंय. पाठ केलेलं सगळं तिथेच सुटलं आणि रडलो.

पुढे बऱ्याच महिन्यांनी बोलण्याच्या ओघात कळलं की मी त्यांच्या पहिल्या काही क्लायंटपैकी होतो. त्या 'कळलं नाही' मध्ये तंत्र किती आणि खरंच न कळणं किती, मला माहीत नाही. विचारलंही नाही.

पर्यायी_शब्द
फक्त_वाचक, तीन वर्षं का थांबलात हो?

वकीलपत्र
वर एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं, आणि हे वाचल्यावर आपला चष्मा-दाढीचा विषय भलताच बालिश वाटायला लागला.

शून्य_नंबर
माझा आधीपासूनच बालिश होता. बाय द वे, फक्त_वाचक म्हणतात त्याला नाव आहे, 'स्पॉटलाइट इफेक्ट'. गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी २००० साली प्रयोग छापला होता. मुलांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून लोकांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी पाहिला असेल. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही लक्षात आला नव्हता. मी हे चष्मा विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं.

कोरी_वही
बापरे, इतके प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. फक्त_वाचक यांचा चारदा.

तिसरी_खुर्चीताई, एकेरीत नक्की चालेल. दुसरी शंका जास्त आहे हे तुम्ही बरोबर पकडलंत, वाचून अंगावर काटा आला. वाकडा_प्रश्न, यादी नव्हती. काल बसून केली. दोन मानसोपचारतज्ज्ञांना फोनही केले. एकांनी नीट बोलून घेतलं, दुसऱ्यांना घाई होती. पण झालं.

आता खरी भीती सांगते, कारण वर लिहिताना ती मी झाकली होती. अनुभव विचारला जाईल ही भीती नाहीये. ते एकदा येतील, सगळं नीट बोलतील, 'बरं वाटलं' म्हणतील आणि परत येणारच नाहीत, ही आहे. का आले नाहीत ते मला कधीच कळणार नाही. इंटर्नशिपमध्ये असं चौघांचं झालं. त्या चौघांची नावं मला अजून पाठ आहेत. आलेल्यांची नाहीत.

ओळंबा
हे मात्र आमच्याकडे नाही. इमारत न सांगता निघून जात नाही. काय बोलू कळत नाही, पण वाचलं.

तिसरी_खुर्ची
आता आलीस मुद्द्यावर.

स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यास एकत्र करून पाहिले. साधारण पाचातला एक माणूस उपचार मध्येच सोडतो. त्या आकड्यात अनुभवी लोकही आहेत. मीही आहे. माझ्याकडे गेल्या महिन्यात असं झालं, आणि हो, मीही दोन दिवस सत्र मनात उलटंपालटं करत बसले होते.

पण यावर आपला अंदाज काही कामाचा नसतो, हे लक्षात ठेव. २००५ मधल्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं, तुमच्या क्लायंटपैकी कुणाची स्थिती बिघडेल? ५५० जणांपैकी त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात चाळीस जणांची बिघडली. म्हणजे नीट चाललंय असं वाटणंही खोटं ठरतं आणि बिघडलंय असं वाटणंही. उपाय साधा आहे. सत्र संपायला दहा मिनिटं असताना विचारायचं, 'आज आपण बोललो ते तुम्हाला हवं होतं त्याच्या जवळ गेलं का? काही राहिलं, काही खटकलं?' आणि मग गप्प बसायचं. पर्यायी_शब्द यांचे पाच आकडे इथेही चालतील.

त्या चौघांचं आता कळणार नाही. पाचव्याला विचारता येईल.

वाकडा_प्रश्न
हा प्रश्न मी माझ्या क्लायंटना कधीच विचारलेला नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणू या. मी जाहिरातीत आहे.

बावळट_बोका
मी विचारतो. 'काही खटकलं?' म्हटलं की ते फॉन्टबद्दल बोलतात, संध्याकाळपर्यंत. तरी ताईंचं बरोबर आहे. न विचारता काम देऊन टाकलं तेव्हा तेच फॉन्ट सहा महिन्यांनी, पैसे थकवून, वकिलाच्या पत्रात वाचले होते.

वकीलपत्र
मी नव्हतो तो. 🙏

सांधा
कोरी_वही, चौदा पानांचं एक पान कर. वर पहिलं वाक्य, खाली शेवटचा प्रश्न, मध्ये तुझी न घ्यायच्या कामांची यादी. बाकी मोकळं सोड. आणि गुरुवारच्या आधी कुणाशी तरी सुपरव्हिजनचं पक्कं कर, पलीकडच्या खोलीत नसलं तरी फोनवर असावं.

ताळेबंद
आणि गुरुवारनंतर इथे येऊन सांगा. नाहीतर आम्हीच त्या चौघांसारखं विचार करत बसू.

तिसरी_खुर्ची
सांग, पण त्या व्यक्तीबद्दल एक अक्षरही नको हं. फक्त तुझ्याबद्दल.

कोरी_वही
आले. गुरुवार झाला, आज शनिवार. काल लिहिणार होते, पण काल नुसती झोपले.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे फक्त माझ्याबद्दल. पहिलं वाक्य विसरले. पान समोर होतं, पण मान खाली घालून वाचायचं बरं दिसेना. म्हणून 'या, बसा' एवढंच म्हटलं, आणि तेवढ्यावर पुरेसं झालं.

अनुभव विचारलाच. 'तुम्ही नवीन आहात का?' मी म्हटलं, 'हो. स्वतंत्रपणे आत्ताच सुरू केलंय. माझं काम मी एका ज्येष्ठ समुपदेशकांकडून नियमित तपासून घेते, तुमची ओळख न सांगता.' यावर उत्तर आलं, 'बरं.' एवढंच. ज्या प्रश्नासाठी मी रात्री उठून बसत होते त्याचं आयुष्य दहा सेकंदांचं निघालं.

एकदा मध्येच शांतता पसरली. मला शपथेवर वाटलं दहा मिनिटं झाली. समोरच्या घड्याळात मिनिटकाटा जागेवरून हललासुद्धा नव्हता. त्या शांततेत मी तोंड उघडलं नाही, आणि त्यानंतर जे बोललं गेलं ते आधी बोललं गेलं नसतं, एवढं मला कळलं.

फी सांगितली. मोजायला लागले. तीनवर 'ठीक आहे' आलं.

एक गोष्ट चुकली. शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला. दहा मिनिटं असताना नाही, दाराशी उभं राहून विचारला, तेव्हा कुणी काय खरं सांगणार? तेही सुपरव्हिजनमध्ये नेणार आहे. पण गंमत म्हणजे, दोन दिवस मला तेच खातंय, 'प्रश्न उशिरा विचारला.' 'मी इथे बसायच्या लायकीची आहे का' हे अजून आलेलं नाही. येईलही रविवारी.

पर्यायी_शब्द
तीनवर!! मी अजून पाचापर्यंत पोचते आणि मग सहा, सात...

ताळेबंद
पुढची वेळ घेतली का?

कोरी_वही
घेतली. येतील की नाही, माहीत नाही.

ताळेबंद
दोन शब्द उच्चारलेत.

फक्त_वाचक
'बरं' वाचून हसू आलं. मीही बहुतेक एवढंच म्हणालो असतो.

ओळंबा
आणि त्या चौदा पानांचं काय केलंत शेवटी?

कोरी_वही
ठेवलीत. पाठकोरी आहेत. सुपरव्हिजनला न्यायचे माझे प्रश्न मागच्या बाजूला लिहायला घेतलेत. सध्या दुसऱ्या पानावर आहे.